अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणे, मग ठेवायचा कशावर?

दर दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीची साथ येते. म्हणजे टोळी कोणी बघितलेली नसते, पण आधी कुठल्यातरी तालुक्यात पोरं धरणारे आलेत म्हणून बोभाटा होतो, मग सोसायटीच्या ग्रुपवर पांढरी ओमनी येते, मग शाळेच्या पालक ग्रुपवर कुठल्यातरी बाईचा रडवेल्या आवाजातला व्हॉइस मेसेज, आणि चार-पाच दिवसांनी पोलिसांचं पत्रक, की जिल्ह्यात अशी कोणतीही टोळी सक्रिय नाही, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, अफवा पसरवणाऱ्यांवर कठोर कारवाई करण्यात येईल. पेपरात तीन कॉलमची बातमी, विषय संपला, पुढच्या साथीपर्यंत.

माझं म्हणणं असं आहे की या पत्रकाचा काडीचा उपयोग होत नाही, कारण त्यात माहिती नसतेच. काय खरं नाही एवढंच त्यात असतं. ज्या आईने तो मेसेज ऐकून मुलाला आज क्लासला पाठवलं नाही तिचा प्रश्न साधा आहे, आपल्या भागात या आठवड्यात खरंच एखादं मूल हरवलंय का, हरवलं असेल तर कुठून, किती वाजता, सापडलं का. याचं उत्तर पोलीस स्टेशनच्या रजिस्टरमध्ये असतं. पत्रकात नसतं. मग ती उत्तर जिथे मिळतं तिथून घेते, आणि ते ग्रुपवर तयार असतं.

तो व्हॉइस मेसेज एकदा नीट ऐका, बहुतेकांच्या फोनमध्ये एखादा सापडेल. रात्री साडेदहा-अकराला आलेला असतो. सुरुवात 'ताई, हे सगळ्यांना पाठव हं' अशी. मग माझ्या जावेच्या बहिणीच्या शाळेत, मग दोन बायका आणि एक माणूस, साड्या विकायच्या बहाण्याने, मुलाच्या नाकाला रुमाल लावला, गार्डने बघितलं म्हणून वाचला, पोलिसांना सगळं माहितीय पण ते दाबतायत. तारीख नाही, शाळेचं नाव नाही, पोलीस स्टेशन कुठलं ते नाही. ग्रुपवर एखादा बाबा विचारतो, अहो पण कुठली शाळा? त्याला उत्तर मिळतं, कुठली का असेना भाऊ, काळजी घेतलेली काय वाईट? आणि त्याच्या खाली हात जोडलेले अठरा इमोजी. तो बाबा गप्प बसतो, कारण पुढे बोललं तर आपल्याला पोरांची काळजी नाही असं दिसणार.

आता हे पुढे पाठवणाऱ्यांना मूर्ख, अडाणी म्हणायची एक फॅशन आहे, ती मला पटत नाही. एकतर त्यात इंजिनियर, डॉक्टर, रिटायर्ड मामलेदार सगळे असतात. आणि त्यांचा हिशोब त्यांच्या जागी बरोबर असतो, मेसेज खोटा निघाला तर आपलं काय गेलं, आणि खरा असून आपण पाठवला नाही तर जन्मभराचा पस्तावा. पाठवायची किंमत शून्य आणि न पाठवायची किंमत भयंकर, असं असेल तर कोणीही पाठवेल. घोळ इतकाच आहे की ती किंमत शून्य नसते, ती दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होते, आणि तो माणूस आपल्या ग्रुपवर नसतो.

राईनपाड्याला ती वसूल झाली. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक भिक्षा मागत त्या भागात फिरत होते, पालं टाकून राहायचं आणि गावोगाव हिंडायचं, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय त्यांचं. बाजारात त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला असं कोणीतरी म्हणालं. एवढं पुरलं, कारण त्याआधीचे कित्येक दिवस त्या पट्ट्यात मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते आणि लोक टोळीची वाटच बघत होते. पाच जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेलं, तिथल्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार पडला. ज्याच्यासाठी हे सगळं केलं असं पळवलेलं मूल मात्र कुठेच नव्हतं, ना त्या दिवशी, ना आधी.

त्याच दिवशी तिथून फार लांब नसलेल्या मालेगावात पण हेच होणार होतं. तिथेही भिक्षा मागणारं एक कुटुंब, सोबत लहान मूल, तोच संशय, जमाव जमलेला. पण तिथे मोहल्ल्यातल्याच काही लोकांनी त्यांना घरात घेतलं, दार लावलं, पोलीस वेळेत पोचले, बाहेर प्रचंड गर्दी असताना त्यांना बाहेर काढलं आणि ते जिवंत राहिले. राईनपाडा सगळ्यांना माहितीय, मालेगावचं कोणाला आठवतही नाही. आपल्याकडे कोणी वाचलं तर त्याची बातमी होत नाही, हाही एक भागच आहे या सगळ्याचा.

२०१८ चा तो उन्हाळा आणि पावसाळा बघितला तर आख्खा देशच पेटला होता. तमिळनाडू, कर्नाटक, आसाम, महाराष्ट्र. आणि त्यात सगळ्यात जास्त फिरलेला व्हिडिओ कुठला, तर मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून पळतात तो. तो आपल्याकडचा नव्हताच, तो कराचीतल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कोणीतरी शेवटचा तेवढाच तुकडा कापला. म्हणजे मुलं वाचावीत म्हणून केलेली गोष्ट, शेवट छाटला की माणसं मारायच्या कामाला आली.

पण मला त्या वर्षातली सगळ्यात हादरवणारी घटना त्रिपुरातली वाटते, आणि माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. तिथे जूनच्या शेवटी एका अकरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला. लगेच चर्चा सुरू, किडनी काढली म्हणे. ही चर्चा नुसती नाक्यावरची नव्हती, राज्याच्या एका मंत्र्यानेच तसं बोलून टाकलं, आणि पोलिसांना नंतर सांगत बसायला लागलं की पोस्टमॉर्टममध्ये किडन्या जागेवर आहेत. तोवर वणवा लागलेला. सरकारने काय केलं, तर लाउडस्पीकर लावलेल्या गाडीतून 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं ओरडत गावोगाव फिरायला माणूस नेमला. २८ जूनला जमावाने त्यालाच मुलं पळवणारा समजून मारून टाकलं. अफवा खोडायला नेमलेला माणूस. यावर विनोद पण करवत नाही. अनोळखी गाडी, अनोळखी माणूस, मुलांबद्दल काहीतरी बोलतोय, भीतीत असलेल्या गावाला एवढंच दिसलं.

मग जुलैत सुप्रीम कोर्टाचा झुंडबळींवरचा मोठा निकाल आला, १७ जुलै २०१८. प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी, आणि झुंडीने मारहाण केली तर गंभीर परिणाम होतील हे सरकारांनी रेडिओवर, टीव्हीवर, वेबसाइटवर सांगत राहायचं. व्हॉट्सॅपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं. वाईट काहीच नाही यात. पण सगळ्याचा सूर बघा, हे करू नका, ते पाठवू नका, कायदा हातात घेऊ नका. आणि त्यानंतर काय झालं? १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, पालघरचं गडचिंचले, त्या भागात रात्री चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत अशा अफवा आधीपासून होत्या, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर पोलिसांच्या डोळ्यादेखत मारले गेले. त्यावर वर आणखी दुसरी अफवा चढली, मारणारे कुठल्या धर्माचे, आणि ती इतकी वाढली की गृहमंत्र्यांना पकडलेल्या शंभरेक लोकांची यादीच जाहीर करावी लागली. सप्टेंबर २०२२, सांगली जिल्हा, जत तालुक्यातलं लवंगा, उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले, एका पोराला रस्ता विचारला म्हणून पट्ट्याने, काठीने मार. पंढरपूरचा रस्ता विचारला म्हणून! ज्या महाराष्ट्रात आषाढीला लाखो अनोळखी माणसांना लोक दारात बसवून जेवायला घालतात तिथे.

मार नेहमी कोणाला पडतो ते पण बघा ना. भिक्षेकरी, साधू, फेरीवाले, पालावरचे, परप्रांतीय मजूर, वेडसर बाई. म्हणजे जो आपल्यातला नाही आणि ज्याच्यामागे बोलायला कोणी नाही तो. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पालं दिसली की कोंबड्या आणि पोरं सांभाळा हे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलंच आणि त्या कायद्याच्या यादीत असलेले-नसलेले सगळे भटके त्यात सरसकट आले. बरं, संशय तरी बरोबर जागी जातो का? महाराष्ट्रातलं मुलं पळवण्याचं सगळ्यात भयानक, कोर्टात सिद्ध झालेलं प्रकरण कुठलं, तर अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते ९६ अशी वर्षं त्या पुणे, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी हे करत होत्या. गर्दीत, देवळात, स्टँडवर पाकिटं आणि दागिने मारायचे आणि पकडलं गेलं तर कडेवरचं मूल पुढे करायचं, त्यासाठी मुलं पळवायची. पाच मुलांचे खून सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये कायम केले, दोघी मुलींची फाशी मात्र दयेच्या अर्जावर सरकारने इतकी वर्षं घालवली म्हणून हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेवर आणली. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या इतकी वर्षं सापडल्या नाहीत कारण कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की आपण तिला बसायला जागा देतो. आपल्या डोक्यातल्या चोराच्या चित्रात ती बसतच नव्हती. चेहऱ्यावरून, कपड्यावरून, जटांवरून मुलं पळवणारा ओळखायची ही जी कला आपल्याला येते असं वाटतं ना, ती खऱ्या केसमध्ये पूर्ण फेल गेलेली आहे.

आता कोणी म्हणेल, बाकी सोडा, पण आकडे तर खरे असतात? एवढ्या मुलांच्या अपहरणाचे गुन्हे दाखल होतात ते काय हवेत? हा आकड्यांचा प्रकार समजून घेतलाच पाहिजे, कारण दर साथीला पेट्रोल इथून मिळतं. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या केसमध्ये आदेश दिला, की अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की मिसिंगची नुसती नोंद करून बसायचं नाही, अपहरण किंवा तस्करी झालीय असं धरून थेट एफआयआर घ्यायचा. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी घरच्यांनी लग्न ठरवलं म्हणून निघून गेली, दहावीत नापास झाला म्हणून पोरगा मुंबईच्या गाडीत बसला, सहा वर्षांचं पोर जत्रेत आईचा हात सुटून दोन तास माइकपाशी रडत बसलं आणि तक्रार तोवर झाली होती, हे सगळे कागदावर अपहरण. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. यातली बरीचशी मुलं काही दिवसांत परत येतात किंवा आणली जातात. पण बातमी काय होते, तर अमुक शहरातून इतक्या महिन्यांत इतकी मुलं पळवली! आणि पळवली म्हटलं की डोळ्यासमोर ती ओमनीच येते, रागाने घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी येत नाही.

हा आदेश चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट तो किती रक्त सांडून आलाय ते बघा. नोएडाचं निठारी. २००५-०६ मध्ये तिथल्या गरीब वस्तीतली मुलं एकामागून एक गायब होत होती, आई-बाप चौकीत चकरा मारत होते आणि त्यांना सांगितलं जात होतं पळून गेली असतील, येतील. डिसेंबर २००६ च्या शेवटी नाल्यातून हाडं निघाली. तेव्हा पोलिसांनी तक्रार ऐकली असती तर त्यातली काही मुलं आज तिशीत असती. आणि मग उलट्या टोकाला, टीव्हीवर नरभक्षक, अवयवांचा धंदा, काय काय चाललं, आरोपी कोण आणि त्याने काय खाल्लं इथपर्यंत देशाचं एकमत झालं. अलाहाबाद हायकोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही आरोपींना जवळजवळ सगळ्या केसमध्ये निर्दोष ठरवलं, तपास इतका ढिसाळ होता म्हणून, आणि उरलेल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये. म्हणजे मुलं गेली, आणि ती कोणी मारली हे कोर्टात उभं राहील असं आज कोणाकडेच नाही. तर्कवितर्क भरपूर झाले, पुरावा कोणी गोळा केला नाही.

तर एकीकडे माहिती दाबणं आणि दुसरीकडे वाट्टेल ते बोलणं, आपण या दोन्हीत फिरतोय. मधलं काही असतं का? असतं.

ऑस्ट्रेलियातली एक केस सांगतो. ऑक्टोबर २०२१, पश्चिम किनाऱ्यावर कार्नार्व्हन गावाजवळ समुद्राकाठी तंबू लावून राहिलेलं कुटुंब, सकाळी उठले तर चार वर्षांची मुलगी तंबूत नाही. पोलिसांनी काय काय जाहीर केलं ते बघा, अंगात कुठल्या रंगाचा नाइट ड्रेस, सोबत लाल आणि करड्या रंगाची स्लीपिंग बॅग पण गेलीय, आणि तंबूची चेन इतक्या उंचीपर्यंत उघडलीय की मुलीचा हात तिथे पोचत नाही. म्हणजे ती चालत गेली नाही, कोणीतरी नेलंय असं आम्ही का मानतो हे त्यांनी लोकांना समजावून सांगितलं. त्या रात्री त्या परिसरात जे जे होते त्या सगळ्यांनी पुढे या, दुकानांनी आणि घरांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग द्या. दहा लाख डॉलरचं बक्षीस. आणि तरीसुद्धा इंटरनेटवर लोकांनी ठरवून टाकलंच होतं की आई-बापानेच काहीतरी केलंय, आई बोलताना रडलीच नाही, सावत्र बाप असा का बघतोय, वगैरे. पोलीस पुन्हा पुन्हा सांगत होते की आई-बाप संशयित नाहीत. अठराव्या दिवशी रात्री पोलिसांनी त्याच कार्नार्व्हनमधल्या एका कुलूपबंद घराचं दार तोडलं, पोरगी आत जिवंत होती, आणि ते घर तिच्या स्वतःच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर. आई-बापाला शिव्या घालणाऱ्यांनी काय केलं? काही नाही, स्क्रोल केलं. वर आणखी अटक झाल्यावर एका टीव्ही चॅनलने फेसबुकवरून भलत्याच माणसाचा फोटो उचलून आरोपी म्हणून दाखवला, नाव सारखं वाटलं म्हणून.

आई-बापावर घसरणं हा तर जगभरचा रोगच आहे. २००७ मध्ये पोर्तुगालला सुट्टीवर गेलेल्या ब्रिटिश कुटुंबाची तीन वर्षांची मॅडलिन मॅकॅन गायब झाली, ब्रिटनच्या पेपरांनी आई-बापावर इतकं छापलं की पुढच्याच वर्षी डेली एक्स्प्रेसच्या ग्रुपला पहिल्या पानावर माफी आणि साडेपाच लाख पौंड द्यावे लागले. आपल्याकडे पेपर जरा सांभाळून असतात, ते काम कमेंटवाले करतात. आई मोबाईलमध्ये असेल. बाप दारू पिऊन पडला असेल. एवढ्या रात्री पोरीला दुकानात कशाला पाठवली. ज्या घरात पोर हरवलंय त्या घरातला कोणीतरी मामा, काका, चुलत बहीण हे वाचत असतं एवढं तरी डोक्यात ठेवा.

अमेरिकेत अँबर अलर्ट आहे, १९९६ मध्ये टेक्सासमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या अपहरण आणि खुनानंतर सुरू झालेला, तिच्याच नावाने. लोकांना वाटतं ती फक्त फोन वाजवायची सिस्टिम आहे. फोन वाजवणं सोपं हो, ते कोणालाही जमेल. खरं काम त्याच्या आधीच्या अटींमध्ये आहे. पोलिसांची खात्री पाहिजे की अपहरणच झालंय, मुलाच्या जिवाला धोका आहे, आणि लोकांना द्यायला पुरेसं वर्णन आहे, मुलाचं, नेणाऱ्याचं किंवा गाडीचं. वर्णन नसेल तर अलर्ट नाही, कारण वर्णनाशिवाय अलर्ट म्हणजे नुसती भीती. मूल सापडलं की तो अलर्ट रद्द होतो, तेही सांगितलं जातं. त्यातही दोष आहेत, बऱ्याच अलर्टमध्ये मूल नेणारा अनोळखी कोणी नसतोच, घटस्फोटाच्या भांडणातला बाप किंवा आईच असते, आणि सारखा फोन वाजला की लोक तो बंद करून ठेवतात. पण निदान कोणी, कधी, काय सांगायचं हे ठरलेलं आहे.

आपल्याकडे तंत्राचा प्रॉब्लेम आहे असं कोणी सांगू नका. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या टेस्टिंगला सगळ्यांचे फोन एकदम कर्कश्श वाजले होते, आठवतंय ना, ऑफिसात माणसं टेबलाखाली बघायला लागली होती. म्हणजे ठराविक भागातल्या प्रत्येक फोनवर मेसेज टाकायची सोय आहे. हरवलेल्या मुलांचं सरकारी पोर्टल आहे, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे, पोलिसांचा ११२ आहे, हरवलेली मुलं शोधायचं पोलिसांचं ऑपरेशन मुस्कान आहे आणि त्यात मुलं सापडतात पण. नाही काय, तर तुमच्या-माझ्या पोलीस स्टेशनने आज संध्याकाळी काय सांगायचं याची सवय. खरं तर एवढंच पाहिजे: मूल हरवलं आणि धोका वाटला की एका ठरलेल्या साच्यात मेसेज, त्याला नंबर, तारीख, वेळ, पोलीस स्टेशन, मुलाचं वर्णन, शेवटचं कुठे दिसलं, फोन कोणाला करायचा. त्या भागापुरता. आणि मूल सापडलं की त्याच नंबरने दुसरा मेसेज, सापडलं, शोध बंद.

हा दुसरा मेसेज माझ्या मते पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि तो आज कुठेच नाही. हरवलेल्या मुलाचा फोटो एकदा ग्रुपवर सुटला की तो वर्षानुवर्षं फिरतो. मूल चार तासांत आजीकडे सापडलेलं असतं, पण फोटो दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात 'आत्ताच हरवलाय' म्हणून येतो, खाली बापाचा मोबाईल नंबर, आणि बापाला रात्री-अपरात्री फोन. त्यात ती मुलगी असेल आणि तिच्यावर काही अत्याचार झाला असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तिची ओळख उघड करणं गुन्हा, पण कालपर्यंत सगळ्या तालुक्याने तिचा फोटो स्टेटसला ठेवलेला, तो परत कसा घेणार? सरकारी मेसेजला नंबर आणि मुदत असेल तर निदान सांगता तरी येईल की हा जुना आहे, काढा. आज सांगायचं कोणी?

पोलिसांची बाजू मी ऐकलीय आणि ती खोटी नाही. एक म्हणजे घबराट पसरते म्हणतात. माझं उत्तर, ती पसरलेलीच असते, फक्त तुमच्याविना. दुसरं, आरोपी सावध होतो. हे मात्र खरं आहे, खंडणीसाठी नेलेलं मूल असेल तर गाजावाजा केल्याने जीव जाऊ शकतो, तिथे गप्प राहायलाच पाहिजे आणि कधी गप्प राहायचं हे तपास अधिकाऱ्यानेच ठरवायचं, ग्रुप अॅडमिनने नाही. पण खंडणीच्या केसेस किती आणि बाकीच्या किती? एका प्रकारासाठी सगळ्याच बाबतीत तोंड शिवून बसायचं? तिसरं कोणी उघड बोलत नाही, की मुलं हरवल्याचे मेसेज रोज गेले तर आमच्या स्टेशनची अब्रू जाते, वरून विचारणा होते. हे खरं कारण आहे असं मला वाटतं, आणि ते बदलायचं तर वरच्यांनी मूल हरवल्याचा हिशोब न मागता किती वेळात लोकांना कळवलं याचा हिशोब मागायला हवा.

आणि आपलं काय. आपल्याला शोधायला सांगितलं तर आपण लगेच चोर शोधायला निघतो, इथे गाडी हुकते. मूल शोधा ना. निळा शर्ट, एक चप्पल नाही, बोलताना अडखळतो, असं वर्णन आलं तर स्टँडवर, रेल्वे प्लॅटफॉर्मवर, देवळाच्या मागच्या बाजूला त्या वर्णनाचं पोर दिसतंय का बघायचं, दिसलं तर ११२. पोराबरोबर कोण आहे, त्याची दाढी कशी, भाषा कुठली, हे ठरवायचं काम पोलिसांचं. समजा संशय आलाच, अगदी पोटात गोळा आला, तरी त्या माणसाला बसवून ठेवा, पाणी द्या, फोन करा, मालेगावच्या लोकांनी दार लावून घेतलं तसं लावून घ्या. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी तो व्हॉइस मेसेज आला की त्या एकट्या पडलेल्या बाबाबरोबर तुम्हीपण विचारा, कुठली शाळा, कुठलं पोलीस स्टेशन, कोणत्या तारखेला. उत्तर आलं नाही तर सरळ आपल्या स्टेशनला फोन लावा आणि तिथल्या ठाणे अंमलदाराला विचारा, साहेब या आठवड्यात आपल्याकडे मूल हरवल्याची नोंद आहे का, आणि असेल तर ते सापडलं का. तो वैतागेल. पण रोज दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर द्यायला त्याच्याकडे कागद तयार असेल.